आत्याचा आवाज, माझा अंगठा

मला पगार मिळतो तो आवाज कमी-जास्त करण्याचा. यात अतिशयोक्ती एवढीच, की त्याला पगार म्हणावा इतका तो नाही. ठाण्यातल्या एका कंपनीचं ध्यानधारणेचं ॲप आहे. त्यात बासरी वाजते, ओढा खळखळतो आणि एक बाई अतिशय मऊ आवाजात माणसाला श्वास घ्यायला सांगते. तोवर जणू तो बिचारा श्वासाशिवायच कामावर जात होता. ओढ्यानं कधी चढायचं, बासरीनं कधी माघार घ्यायची, बाई बोलू लागली की दोघांनी कसं अदबीनं मागे सरायचं, हे सगळं मी कोडमध्ये लिहितो. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, घरी बसून लिहितो. आमच्या दारासमोर खराखुरा ओढा आहे. त्याचा आवाज कमी करण्याची सोय कुणी ठेवलेली नसल्यामुळे मीटिंगच्या वेळी मला खिडकी लावून घ्यावी लागते.

गावाला माझ्या शिक्षणाचा फार अभिमान. पारावर कुणी विचारलं, "इंजिनेर होऊन करतंय काय तो?" तर उत्तर ठरलेलं: "रेडिओचा कान पिळतंय."

आता हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कोडमध्ये आवाजाला दोन टोकं. शून्य म्हणजे मुका, एक म्हणजे गळा फाटेस्तोवर. उरलेलं सगळं जग या दोघांच्या मधल्या अपूर्णांकात राहतं. नवशिक्याला वाटतं, शून्य पूर्णांक पाच लिहिलं की आवाज निम्मा झाला. होत नाही. माणसाच्या कानाला बेरीज-वजाबाकी येत नाही. त्याला निम्मा वाटायला हवा असेल तर आकडा निम्म्याच्याही बराच खाली न्यावा लागतो. शिवाय ॲपचा आवाज वेगळा, फोनचा वेगळा, स्पीकरचा वेगळा, आणि ऐकू येतो तो तिघांचा गुणाकार. एकत्र कुटुंबासारखं: दोघे कितीही उत्साहात असले आणि तिसरा शून्य होऊन बसला, की घर गप्प.

आमच्या कुटुंबात मात्र असं कधी घडलं नव्हतं, कारण आमच्याकडे आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, दिलेली आसनगावच्या पलीकडच्या गावात. ती धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे लग्नात भटजी असतो, मंत्रही म्हणतो, त्याला दक्षिणाही देतात. पण लग्न लावते ती धवलारीण. ती मांडवात बसून धवळे गाते. त्यात नवरानवरीचं नाव, आईबापांचं, मामाचं, गेलेल्या वाडवडिलांचं, एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावणं धाडते. आत्याच्या तरुणपणी तिनं आसनगावला धवळा धरला की मुरबाडच्या म्हशी रवंथ थांबवून मान वर करायच्या. माहुलीच्या सुळक्याला एक बारीक भेग आहे. पुरातत्त्ववाले काहीही म्हणोत, ती कधी पडली हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि एकदा तर लोकल सिग्नल हिरवा असतानाही उभी राहिली, कारण मोटरमनला वाटलं, समोरून मालगाडी हॉर्न देत येते आहे. खोटं वाटत असेल त्यानं म्हशींना विचारावं.

या आत्याच्या घशात गाठ निघाली. कल्याणला ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि गाठीच्या संगतीनं आवाजही गेला. उरली एक फुसफुस, सायकलच्या पंपाला घाम फुटल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, हळूहळू, पण जोर द्यायचा नाही. आणि इकडे आत्याच्या नातीचं लग्न ठरलेलं. मुलगा मुरबाडकडचा.

नवऱ्याकडच्या पक्षाची स्वतःची धवलारीण होती. तरणीताठी, नाकात चमकी, गळा असा की लाऊडस्पीकरवाले तिला आपला धंदा बुडवणारी म्हणून ओळखत. आणि आमच्याकडचा रिवाज असा, की एका बाजूची धवलारीण आजारी असेल तर समोरची दोन्हीकडचं म्हणते. म्हणजे आत्याच्या नातीचं नाव, आत्याच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, तिच्या सासऱ्याचं नाव त्या मांडवात पहिल्यांदा निघणार ते मुरबाडच्या तोंडातून. आत्यानं तालुक्यातल्या अर्ध्या पोरींची नावं घेऊन त्यांना सासरी धाडलेलं. स्वतःच्या नातीच्या वेळी ती गप्प बसून पान चघळणार? तिच्या लेखी घशातली गाठ परवडली.

तिनं मला बोलावून घेतलं. कान तिच्या तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, "बाला, तू आवाज वाढवतंस ना?"

"वाढवतो."

"त्या बासरीचा वाढवतंस. पाण्याचा वाढवतंस. मग आत्याचा वाढव."

"आते, आवाज असला तर वाढवता येतो. शून्याला कितीनंही गुणलं तरी..."

"शून्य तुझा बापूस!" ती फुसफुसली. माझा बापूस म्हणजे तिचा सख्खा भाऊ, पण रागात माणूस नात्यांकडे बघत नाही.

मग मला आठवलं, माझ्या फोनमध्ये आमच्या एका चुलतबहिणीच्या लग्नातलं रेकॉर्डिंग आहे. आत्या ऐन भरात, अख्खे धवळे. तिला ऐकवलं. ती स्वतःचाच आवाज डोळे मिटून ऐकत राहिली, मध्ये एकदा मान हलवून स्वतःला दाद दिली, आणि म्हणाली, "हाच लाव. मी नुसता तोंड हालवीन."

"आते, ही फसवणूक होईल."

"कशी रे? आवाज माझाच हाय ना? कालचा हाय इतकाच. शिळी भाकर वाढली तर तिला फसवणूक बोलतंस काय?"

मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून घेतलं. कट ठरला. ठाऊक फक्त आम्हा दोघांना. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, जो नवरीचा बाप, तिनं सांगितलं की मुरबाडच्या बाजारातल्या एका काढ्यानं गळा सुटतो आहे, पण लग्नापर्यंत जपून ठेवते. परिणाम एवढाच झाला, की त्या काढेवाल्याकडे पुढच्या बाजाराला आमच्या गावातून टेम्पो गेला.

आता अडचण नावांची. रेकॉर्डिंग दुसऱ्या लग्नाचं. त्यात नवरी चुलतबहीण, नवरा तिचा, आणि मामा जो होता त्याच्याशी आत्याच्या घराचं बांधावरून वैर. तो मामा नातीच्या धवळ्यात अवतरला असता तर लग्न मांडवात सुरू होऊन पोलीस ठाण्यात संपलं असतं. म्हणून मी एकेक जागा हेरली. नाव आलं की कोडनं आवाज शून्यावर आणायचा, तेवढ्यात आत्यानं तिच्या फुसफुशीत आवाजात खरं नाव घालायचं (नावं पत्रिकेत छापलेलीच, बायका ओठांवरूनही ओळखतील), की आवाज परत वर. धाडकन शून्य केलं तर स्पीकर टक् करून चुगली करतो, म्हणून उतरण आणि चढण गोलाईची ठेवली. ध्यानाच्या बाईसाठी बासरीला मागे सारणारं कोडच उचलून इथं लावलं. कंपनीला कल्पनाही नसेल, की त्यांच्या मनःशांतीच्या कोडवर एका बांधाचं भांडण टळलेलं आहे.

आणखी एक रिवाज होता. धवलारणीनं ओळ म्हणायची, आणि समोरच्या पक्षाच्या बायकांनी तीच ओळ उचलून परत म्हणायची. उचलली नाही तर तो मांडवाचा अपमान. बायका ओळ किती लांबवतील याचा नेम नाही, म्हणून या कामापुरतं फोनमध्ये एक छोटं ॲप केलं आणि त्यात एकच मोठं पिवळंधम्मक बटण ठेवलं. अंगठा दाबला की आत्या गाणार, सोडला की थांबणार. तालीम गोठ्यात केली. आत्या तोंड हलवायची, मी अंगठा. म्हैस आमच्याकडे बघून दूध चोरायला लागली, तेव्हा समजलं की जमलं.

लग्नाच्या दिवशी मुरबाडचं वऱ्हाड आलं. हळदीला ज्या डीजेनं घरांच्या कौलांना जागा सोडायला लावली होती, तो आता बंद, कारण धवळ्याच्या वेळी डीजे वाजवायची हिंमत अजून जन्माला यायची आहे. आत्या पाटावर बसली. मांडीवर परडी, परडीत अक्षता, विड्याची पानं आणि पानांखाली मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर. मी तिच्या मागे, हातात पंखा. म्हातारीला वारा घालणारा गुणी भाचा. दुसऱ्या हातात फोन.

मी अंगठा दाबला.

आत्याचा आवाज परडीतून उठला आणि मांडवाच्या छताला जाऊन टेकला. मुरबाडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "गो बाय, म्हातारीचा गळा बघ!" दुसरी म्हणाली, "काढा प्यालीय. माझ्या जावेनं पण आणलाय." त्यांनी ओळ उचलली. मी अंगठा सोडला, परत दाबला. नावाची जागा आली, आवाज लोण्यासारखा खाली उतरला, आत्यानं खरं नाव घातलं, आवाज पुन्हा चढला. नवऱ्याकडची धवलारीण चमकी चाचपत बसली होती. मला वाटलं, मनःशांतीच्या क्षेत्रात मी उगाच आयुष्य घालवतो आहे.

आणि तेवढ्यात परडीतून, आत्याच्या ओळीच्या मागून, एक दणदणीत बाप्या आवाज आला: "वरण संपला रे! वरण संपला!"

तो चुलतबहिणीच्या लग्नातला कुणी वाढपी होता. नावं मी पुसली, पण याला विसरलो. रेकॉर्डिंगमध्ये तो लांब, बारीक ऐकू यायचा. आवाज वाढवला तसा तोही वाढला. गुणाकार आपपरभाव करत नाही.

मांडवाचा मागचा अर्धा भाग उठला. अक्षता हातात तशाच, आणि लोक पंगतीकडे. मुरबाडचा एक काका म्हणत होता, "मी बोललोच होतो, लवकर बसून घ्या." आचारी झारा घेऊन बाहेर आला. "कोण बोलला वरण संपला? चार पातेली भरलीत! कोण बोलला?" कुणी कबूल होईना. आतेभावानं आचाऱ्यालाच झापलं, आचाऱ्यानं वाढप्याला, वाढप्यानं कुत्र्याला. या सगळ्यात आत्या तोंड हलवत राहिली, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता. फक्त तिच्या पायाचा अंगठा मागे सरकून माझ्या गुडघ्यात रुतला.

लोक परत बसले. आता मुख्य धवळा, ज्यात नातीचं नाव आणि आत्याच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव. मी अंगठा दाबला. आत्यानं तोंड उघडलं. परडी गप्प.

पुन्हा दाबला. गप्प. फोन माझ्या हातात थरथरत होता. पडद्यावर आतेभावाचं नाव. तो गेटवर पाहुणे घेत उभा होता, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारायची पद्धत आता गेली.

फोनचा एक कायदा आहे. कॉल आला की वाजणाऱ्या प्रत्येक ॲपनं तोंड मिटायचं, आणि कॉल संपल्यावर लगेच सुरू न होता मालकाच्या परवानगीची वाट बघायची. न विचारता परत वाजणं हा उद्धटपणा. हे कलम मी स्वतः, मोठ्या अभिमानानं, माझ्या हातानं लिहिलेलं. मी कॉल कापला. त्यानं परत केला. कापला, परत. नंतर कळलं त्याला काय सांगायचं होतं: "आईला सांग, जरा जोरात म्हण. गेटवर ऐकू नाय येत."

मुरबाडची धवलारीण पदर सावरून सरळ बसली. गळा साफ केला. ती दुष्ट नव्हती, रिवाजच तसा. समोरची थांबली तर आपण धरायचं. नातीनं मुंडावळ्यांच्या आडून आजीकडे पाहिलं.

आत्यानं हात वर केला. मुरबाडवालीला बोटानं खूण केली: जवळ ये.

ती पुढे सरकली. आत्या काहीतरी फुसफुसली. तिला कळलं नाही. तिनं मान आणखी वाकवली. तिच्या मागच्या बायकाही वाकल्या, कारण मांडवात कुजबूज चाललेली असताना सरळ बसून राहील अशी बाई शहापुरात नाही आणि मुरबाडातही नाही. आत्यानं ओळ पुन्हा म्हटली. त्या फुसफुशीत आवाजात, पण ठाय लयीत, शेवट धवळ्याच्या वळणाचा. आणि वळण ऐकल्याबरोबर त्या बायकांनी ओळ उचलली. विचार करून नव्हे. जन्मभराची सवय. ओळ आली की उचलायची.

नातीचं नाव आत्याच्या ओठांतून निघालं आणि मुरबाडच्या चाळीस गळ्यांतून मांडवभर झालं. मग आत्यानं आपल्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं. ते घेताना ती थोडी थांबली. बायकाही थांबल्या, आणि मग त्यांनी ते जरा सांभाळून उचललं. गेटवरून आतेभाऊ ओरडला, "हां, आता बरोबर!"

माझा फोन एव्हाना मोकळा झाला होता. मी उत्साहानं अंगठा बटणावर ठेवणार, तेवढ्यात आत्याच्या टाचेनं फोनच माझ्या हातातून उडवला. तिला आता तो नको होता. तिला एक मोठं यंत्र सापडलं होतं.

धवळ्याच्या शेवटी समोरच्या पक्षाची थट्टा करायची असते. ती आपल्या बाजूच्या बायका म्हणतात, आणि समोरच्या मग उलट उत्तर देतात. आत्यानं मात्र बायकांना तसंच वाकलेलं ठेवलं आणि ओळ सोडली. त्या चाळीसजणींनी, आवाज टिपेला नेऊन, आपल्याच वरमायेकडे तोंड करून म्हटलं:

"वरमाय आली मांडवात, नेसून भरजरी साडी,
घरी तिच्या चुलीवरी करपली गो कढी!"

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं काय म्हटलं ते. वरमायेचं तोंड उघडं राहिलं. आमच्या बाजूचे पुरुष खुर्च्यांवरून घसरले. एक जण तर घसरला तो थेट वाशिंदला जाऊन थांबला, असं मी सांगत असतो, पण निदान मांडवाबाहेर गेला हे नक्की. आत्यानं त्यांना सावरायला वेळ दिला नाही. पुढची ओळ फुसफुसली, आणि देवाशपथ, त्यांनी तीही उचलली:

"करवल्या आल्या मुरबाडच्या, पावडर थापली गाली,
भिंत सोडून रंगाऱ्यानं तोंडालाच दिली!"

"अगो आते!" मुरबाडवाली किंचाळली. "आमच्या तोंडानं आमालाच?"

आत्या हसत होती. हसायलाही आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. मुरबाडवालीनं क्षणभर रागानं पाहिलं, मग तीच हसून फुटली. आणि मग तिनं आपल्या गळ्यातून आमची अशी काही पिसं काढली, की माझ्या रेडिओच्या कानापर्यंत आली. तिला ती बातमी कुणी दिली, हे मी अजून शोधतो आहे.

जेवणाच्या पंगतीत मुरबाडवाली आत्याच्या शेजारी येऊन बसली. तिकडच्या दोनतीन बायका विचारत होत्या, आमच्याकडे पण लग्न आहे, आते येतील का? आत्यानं घास खाली ठेवला आणि मुरबाडवालीच्या कानाशी काहीतरी म्हटलं. ती सवयीनं मोठ्यानं बोलली, "आते म्हणतात, त्या येतील. पण उचलायला मी पाहिजे." आणि मग तिच्या लक्षात आलं की ती काय कबूल करून बसली. "आता काय, जावंच लागंल," ती म्हणाली, आणि आत्याच्या ताटात आणखी भात वाढला.

मी वरणाचं पातेलं घेऊन पुढून जात होतो. मला बघून आत्यानं तिला पुन्हा वाकवलं. फुसफुस. मुरबाडवालीनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आते म्हणतात, या पोराला सांगा, मांडवात फोन बंद ठेवत जा. शिकलेला हाय, पण वळण नाय."